पुसून टाकायचा आवाज

न्यायाधीशबाईंनी ‘निर्दोष’ हा शब्द इतक्या हळू उच्चारला, की मालसुनला क्षणभर वाटलं, त्या कुणाची तरी माफीच मागताहेत. मग त्या कारणं वाचू लागल्या आणि त्यांचा आवाज पुन्हा कोर्टाचा झाला. आरोपीने हे कृत्य केलं नाही असं न्यायालय म्हणत नाही. न्यायालय एवढंच म्हणतं, की ज्या पुराव्यावर हा खटला उभा आहे तो पोलिसांच्या हाती ज्या रीतीने आला ती रीत कायद्याची नाही, आणि तो काढून घेतला तर मागे काहीच उरत नाही. मालसुन पुढच्या बाकावर बसलेल्या आरोपी योम ग्योंगसूच्या मानेकडे बघत होती. केस ताजे कापलेले होते, कानामागे न्हाव्याच्या वस्तऱ्याची बारीक लाल रेघ होती. आज काहीही झालं तरी नीटनेटकं दिसावं म्हणून हा माणूस सकाळी न्हाव्याकडे बसला असेल, असं तिच्या मनात आलं, आणि या विचाराचा तिला रागही येईना. शेजारी तिचा भाऊ मानसोक गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता. मागे सब-इन्स्पेक्टर मिन कुठेतरी असणार. त्याचा खोकला ऐकू आला होता. काही वेळाने सगळे उठले म्हणून तीही उठली.

चार हिवाळ्यांपूर्वी तिचा मुलगा हानग्योल कामावरून सायकलने घरी येत होता. खाडीच्या बांधावरचा रस्ता, संध्याकाळचं धुकं. तिथे कॅमेरे नाहीत, दुकानं नाहीत, नुसतं बोरूचं रान. सकाळी शिंपले वेचायला निघालेल्या एका बाईला तो बोरूत सापडला. सायकल बांधाला नीट टेकवून उभी केलेली होती. डॉक्टर म्हणाले, पोटात रक्तस्राव झाला, थोडं चालला असेल, मग बसला असेल. ज्या गाडीने उडवलं ती सापडलीच नाही. मालसुनचं बाजारात तोंडीलावण्यांचं दुकान आहे. किमची, सोयाबीनच्या रसात आटवलेला काळा घेवडा, तिखटात परतलेली बारकी मासळी. दुसऱ्या महिन्यात तिने ते पुन्हा उघडलं. गिऱ्हाइकं पूर्वीसारखीच ‘हानग्योलची आई, आज मुळा नाही का?’ म्हणायची, आणि म्हणता म्हणता ओठ चावायची. त्यांनी दुसरं काय म्हणावं हे तिलाही सुचत नसे. चोवीस वर्षं तेच तिचं नाव होतं. मालसुन म्हणणारा आता जगात एक मानसोकच.

मग गेल्या वर्षीच्या वसंतात मिन धावत दुकानात आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, बाजाराच्या त्या टोकापासून धावत आला असावा. घेवड्याच्या परातीवर हात टेकून म्हणाला, “हानग्योलच्या आई, सापडला!” ऑनलाइन जुगाराच्या एका प्रकरणात त्यांनी एका टेंपोवाल्याचा फोन जप्त केला होता. त्या फोनमध्ये प्रत्येक बोलणं आपोआप साठत जाई, अर्ध्या देशाच्या फोनमध्ये जातं तसं. जुगाराचं बोलणं शोधता शोधता मिनच्या कानावर भलतंच पडलं. त्याने तिला ठाण्यात नेलं, दार लावून घेतलं आणि ऐकवलं. रस्ता तोच ना, सायकलचा रंग तोच ना, एवढं तिने सांगावं म्हणून. ऐकवायला नको होतं हेही नंतर कळलं.

आवाज दारू प्यायलेल्या माणसाचा होता, घाबरलेला, आपल्या थोरल्या भावाशी बोलणारा. ‘दादा, एका पोराला धक्का बसला. नाही, नाही, उठला तो. उठून सायकल उभी करत होता. मीच खाली उतरलो, तर मला म्हणतो, काका, माफ करा, मला दिसलं नाही. त्यानेच माफी मागितली दादा, मग मला वाटलं ठीक आहे, आणि मी निघालो. निघायला नको होतं का?’ मालसुनने ते एकदाच ऐकलं. पुढे भाऊ काहीतरी ओरडत होता ते तिच्या कानात शिरलं नाही. ‘काका, माफ करा’ या शब्दांपाशी त्या दारुड्याचा आवाज बदलला होता. तेवढ्यापुरता तो पोराचा झाला होता. ‘करा’ किंचित वर गेलं होतं, हानग्योलचं जायचं तसं, दुधाची पिशवी सांडली तरी, उशीर झाला तरी, लहानपणी शेजारच्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला तेव्हा कुत्र्यालासुद्धा. माणूस दुसऱ्याचं बोलणं सांगताना नकळत त्याची नक्कल करतो, तशी त्या माणसाने केली होती. तिच्या पोराचे शेवटचे शब्द कुणाच्या तरी तोंडात जिवंत राहिले होते, आणि ते तोंड त्याला मारणाऱ्याचं होतं. घरी येताना बसमध्ये ती ते शब्द ओठ न हलवता म्हणत राहिली. सांडेल म्हणून वाटी धरावी तशी.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मिन टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि तसाच वाकलेला राहिला.

“उठा हो,” मालसुन म्हणाली. “लोक बघताहेत.”

“मी थांबायला हवं होतं. ते कानावर पडलं तिथेच फोन बंद करायचा, नवं वॉरंट मागायचं, त्या माणसाला बोलवायचं, त्याच्या समोर उघडायचं. एवढंच. मला वाटलं, थांबलो तर निसटेल. म्हणून बसून त्याचं सगळं ऐकलं. बायकोशी बोललेलं, आईशी बोललेलं, सगळं. मग तेच समोर ठेवून त्याच्याकडून कबुली घेतली, म्हणून तीही बाद झाली.”

“त्या ऐकवलेल्याचं आता काय होणार?”

मिनला प्रश्न कळायला वेळ लागला. “रेकॉर्डिंगचं? ते... निकाल कायम झाला की आमच्याकडची प्रत पुसायची. त्याची आहे ना ती खासगी गोष्ट. पुसल्याचं लिहून द्यावं लागतं त्याला. फोनही परत करावा लागतो.”

“पुसणार?”

“कायदाच आहे तसा, हानग्योलच्या आई.”

निर्दोष या शब्दाने जे झालं नव्हतं ते या एका शब्दाने झालं. ती कोर्टाच्या दाराकडे परत वळली आणि मानसोकने तिचं कोपर धरलं. ती त्या आवाजाला जेमतेम वर्षभर ओळखत होती. तो कुठे असतो, कुठल्या कपाटात, कुठल्या यंत्रात, तिला माहीत नव्हतं, पण तो आहे हे माहीत होतं. दूरच्या गावी इस्पितळात माणूस असावं आणि आपण इकडे दुकान चालवावं, तसं तिचं चाललं होतं.

मानसोक तिला कोर्टासमोरच्या खानावळीत घेऊन गेला. सोयाबीनचं कालवण आलं, भात आला, चार वाट्यांत चार तोंडीलावणी आली. सवयीने तिने मुळा चाखून बघितला आणि मीठ जास्त आहे हे तिला कळलं. अशा वेळीही जिभेला कळतंच. मानसोकने तिच्या भातावर माशाचा तुकडा ठेवला, काटे काढून. हा माणूस कधी फार बोलत नाही. तरुणपणापासून नाही.

“तुला काय वाटतं?” तिने विचारलं. “खरं सांग.”

“जेव आधी.”

“सांग ना दादा.”

मानसोकने चमचा खाली ठेवला. “निकाल बरोबर आहे.”

“काय म्हणालास?”

“तू विचारलंस म्हणून सांगितलं. बरोबर आहे. आणि बाई वाचत होती तेव्हा मला तिथे बसवत नव्हतं. दोन्ही खरं आहे.”

“तो तुझा भाचा होता! तू त्याला सायकल शिकवलीस! त्या बांधावर शिकवलीस!”

शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी वळून पाहिलं. मानसोक पाण्याच्या पेल्याकडे बघत म्हणाला, “ते चौघे बूट घालून आत आले होते, मालसुन. तुला आठवतं.”

तिला आठवत होतं. न आठवण्यासारखं नव्हतंच ते. सरकारविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या पोरांना उचलून नेण्याचे ते दिवस. मानसोक जॉन्जू शहरात कॉलेजात होता, सुट्टीला घरी आला होता. आई अंगणात हिवाळ्याच्या किमचीसाठी कोबीला मीठ चोळत होती. चार माणसं बूट न काढता थेट खोलीत शिरली. आई मिठाचे हात तसेच वर धरून ‘बूट, अहो, बूट’ एवढंच म्हणत राहिली, जणू बूट काढले असते तर बाकीचं चाललं असतं. कागद कुणीच दाखवला नाही. पुस्तकं नेली, वह्या नेल्या, उशीत लपवलेली पत्रं नेली. मानसोक दोन ऋतूंनी परत आला तो डाव्या कानाने बहिरा होऊन. मारलं ते त्याने कधीतरी एकदा सांगितलं. पण त्याहून आधी, अंथरुणावर पडल्या पडल्या, सांगितलं ते वेगळंच होतं. एका मुलीने त्याला पत्रं लिहिली होती. राजकारणाचं त्यात अक्षर नव्हतं, पहिल्या बर्फाचं होतं, तिच्या सर्दीचं होतं. त्या खोलीतला एक माणूस ती पत्रं रोज मोठ्याने वाचायचा. मुलीचा आवाज काढून. बाकीचे हसायचे. मानसोकने त्यानंतर त्या मुलीला तोंड दाखवलं नाही, लग्न केलं नाही, कुणाला ओळभर काही लिहिलं नाही. आता हातात फोन असतो त्याच्याही, पण काही महत्त्वाचं निघालं की तो म्हणतो, भेटल्यावर बोलू.

“मिन काही तसा माणूस नाही,” मालसुन म्हणाली.

“नाही. मिन भला माणूस आहे. त्या चौघांतलाही एक भला होता, मला सिगारेट द्यायचा.” तो थांबला. “त्या योमच्या फोनमध्ये त्याची बायको आहे, आई आहे. ते मिनने बसून ऐकलं. ऐकताना तो कोण होता, भला की बुरा, त्याने काय फरक पडतो?”

“म्हणजे माझ्या पोराचं काहीच नाही?”

“असं मी म्हटलं नाही.”

“मग काय म्हटलंस?”

मानसोकने पुन्हा एक माशाचा तुकडा उचलला, काटे काढले, आणि तो तिच्या भातावर ठेवायचा की नाही हे न कळून काड्यांच्या चिमटीत धरून बसला. तिला एकदम दिसलं की त्याचे हात आईसारखे झालेत. तो बरोबर बोलत होता हे तिला कळत होतं. त्या पत्रांसाठी ती स्वतः एके काळी रडली होती, देवळात जाऊन त्या वाचणाऱ्याला शाप देऊन आली होती. पण बरोबर असणं एका बाजूला पडलं होतं आणि ती दुसऱ्या बाजूला, मधून खाडी वाहत होती. ती उठली आणि पैसे न देता, त्याच्याकडे न बघता बाहेर पडली.

सरकारी वकील तरुण बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती, टेबलावर कागदी रुमालांचा ढीग होता. त्या खोटं बोलल्या नाहीत. “अपील करता येईल, ताई. पण आपण हरू. वरच्या कोर्टाचे याआधीचे निकाल सगळे असेच आहेत.”

“हरू द्या,” मालसुन म्हणाली. “हरायला किती दिवस लागतील?”

“काय?”

“अपील चालू असेपर्यंत ते पुसत नाहीत ना?”

बाईंनी नाक पुसायला उचललेला रुमाल तसाच हातात राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. “नाही,” त्या म्हणाल्या. “तोवर नाही पुसत.”

अपील दाखल झालं. त्या काळात मालसुन एखाद्या चोरट्या सुखात जगली. दुसऱ्याची वस्तू आपण अडवून धरली आहे हे ती जाणून होती. त्या फोनमध्ये योमची आई होती, तिचं पोराशी बोलणं होतं, आणि तेही हिच्यासाठी सरकारच्या कपाटात अडकून पडलं होतं. मुळा चिरता चिरता हे मनात आलं की ती सुरी जोरात चालवायची. मानसोक महिनाभर फिरकला नाही. मग एका संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी आला, फळ्या लावू लागला, आणि तिने दुसरं टोक धरलं. मनातल्या मनात ती रोज ते शब्द म्हणायची. अंघोळीच्या वेळी, घेवडा ढवळताना. ‘करा’ वर जायचं, हानग्योलचं जायचं तसं. म्हणून म्हणून ते गुळगुळीत झालं होतं. कधी तिला भीती वाटायची, की आता त्यात तिचाच आवाज मिसळू लागलाय. मग ती गप्प बसायची आणि ते आपोआप पूर्ववत होण्याची वाट बघायची.

अपील फेटाळलं गेलं. त्याच्याही वरच्या कोर्टाने फेटाळलं. मिनची बदली दुसऱ्या गावी झाली होती, तरी त्याने फोन केला. म्हणाला, “बुधवारी दुपारी योम फोन घ्यायला येणार आहे. आमच्याकडचं त्याच दिवशी पुसतील. तुम्हाला सांगायला नको होतं.” त्याला अजून काही म्हणायचं असावं, पण तिने फोन ठेवला.

बुधवारी ती ठाण्याच्या फाटकासमोर उभी राहिली. ऊन होतं, थंडी होती. योम ग्योंगसू एकटाच बाहेर आला. हातात खाकी पाकीट. तिला बघून तो जागीच थांबला आणि इकडेतिकडे पाहू लागला, वकील शोधत असल्यासारखा.

“खटला संपलाय,” मालसुन म्हणाली. “तुला आता कुणी काही करू शकत नाही. मीही नाही. मला ते एकदा ऐकव.”

“आई, मी...”

“आई म्हणू नकोस मला.”

त्याने मान खाली घातली. “नाही म्हणत.” मग पाकीट उघडून फोन काढला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. “बंद पडलाय. इतके दिवस पडून होता ना.”

कोपऱ्यावर छोटं दुकान होतं, खिडकीशी प्लॅस्टिकचं टेबल. त्याने दुकानदाराकडून चार्जर मागून घेतला आणि ते दोघे समोरासमोर बसले. टेबलाच्या मधोमध फोन. काळ्या काचेवर बॅटरीचं रिकामं चित्र उमटलं, तळाशी लाल रेघ. मालसुन त्या रेघेकडे बघत राहिली. योमने गरम जवाच्या चहाचे दोन डबे आणून ठेवले; तिने तिचा डबा बोटाने बाजूला सरकवला. त्याने मग स्वतःचाही उघडला नाही. जवळून तो तिच्या कल्पनेपेक्षा लहान दिसत होता, चाळिशीला टेकलेला, डोळ्यांखाली काळं. “बायको गेली सोडून,” तो अचानक म्हणाला, “त्यांनी ते सगळं ऐकलं असं कळल्यावर. तिचंही त्यात होतं ना काय काय.” आणि लगेच, “नाही, हे तुम्हाला सांगायचं कारण नाही.” मालसुनला त्याची दया येऊ नये असं वाटत होतं. ती आली नाही. पण मानसोक आठवला, अंथरुणावर पडलेला.

फोन सुरू झाला. जुने निरोप एकामागून एक धडकू लागले, टेबल थरथरलं, मग शांत झालं. योमचा अंगठा बराच वेळ वरखाली फिरला. “हे,” तो म्हणाला. आवाज बारीक होता. दोघांनाही वाकावं लागलं. त्याचं कपाळ तिच्या कपाळाच्या इतकं जवळ आलं की त्याच्या साबणाचा वास आला.

‘...मला म्हणतो, काका, माफ करा, मला दिसलं नाही. त्यानेच माफी मागितली दादा...’

मालसुन म्हणाली, “पुन्हा.”

त्याने पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा.

त्यात काहीच नव्हतं. आवाज बदलत नव्हता. घाबरलेला एक दारुडा एका दमात सगळं बोलून टाकत होता, ‘माफ करा’ ‘दिसलं नाही’मध्ये मिसळून गेलं होतं, वर काही जात नव्हतं. कधी गेलंच नव्हतं. ठाण्यातल्या त्या बंद खोलीत तिनेच ते त्यात घातलं होतं, आणि मग इतके महिने स्वतःच घातलेलं स्वतःच सांभाळलं होतं; त्यासाठी कोर्टं चालवली होती, भावाला खानावळीत एकटा टाकून आली होती. तिला वाटलं आता आपण रडू. पण रडूही दूर कुठेतरी राहिलं होतं. बाहेर एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. दुकानदार नाण्यांचा आवाज करत होता.

“तू तिथे होतास,” ती म्हणाली.

“हो.”

“त्याने म्हटलं ते तू ऐकलंस. तुझ्या कानाने. दुसरं कुणी ऐकलं नाही.”

“हो.”

“कसं म्हणाला?”

योमला कळेना. “म्हणजे हेच. काका, माफ...”

“असं नाही. तो कसा म्हणाला ते म्हणून दाखव.”

त्याने फोन उलटा ठेवला, टेबलावर दोन्ही तळवे टेकले. पहिल्यांदा म्हटलं ते त्याचंच होतं, रेकॉर्डिंगसारखं, घाईचं. तिने मान हलवली. दुसऱ्यांदा त्याचा आवाज मध्येच फाटला. “मला नाही येत,” तो म्हणाला. “इतकी वर्षं मला रोज ऐकू येतं ते, पण तोंडातून नाही येत.” मग त्याने डोळे मिटले. खांदे जरा वर घेतले, थंडीत सायकल धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखे. आणि अगदी हलक्या, हसऱ्या, कुणाला त्रास व्हायला नको अशा आवाजात म्हणाला, “काका, माफ करा हं. मला दिसलं नाही.”

त्यात एक ‘हं’ होता. तो रेकॉर्डिंगमध्ये नव्हता, कोर्टाच्या कागदात नव्हता, तिच्या आठवणीतही नव्हता. ती तो विसरली होती. हानग्योल बोलायचा तसं. शेवटी एक ‘हं’ लावायचा, दुकानातून निघतानाही. ‘येतो हं आई.’

योम डोळे उघडून तिच्याकडे बघत होता. त्याच्या हनुवटीवरून पाणी टेबलावर ठिबकत होतं आणि ते त्याला कळत नव्हतं.

“फोनमधलं पुसून टाक,” मालसुन म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. “ते तुझं आहे. तुझ्या भावाशी बोललास ते. मला नको ते.”

“जी.”

ती उठायला म्हणून टेबलाला हात टेकून अर्धी उभी राहिली, आणि पुन्हा खुर्चीत बसली.

“म्हण,” ती म्हणाली. “अजून एकदा म्हण.”